पाळीतली बिळं: एका मामा तलावात सापडलेल्या सकर माशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असलेल्या एका गावातल्या तलावाची ही हकीकत आहे. गावाचं नाव दिलेलं नाही, तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचंही नाही. या तलावाची मासळी आजही आठवडी बाजारात जाते आणि नाव छापल्याने भाव पडतो, हे या प्रकरणात एकदा होऊन गेलं आहे.

तलाव मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजार जमीनदारांच्या ताब्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी जमिनीचा उतार नेमका हेरून ते बांधले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलावांची देखभाल जिल्हा परिषदेकडे आली. पाणी धानाला जातं, मासळी ढिवर समाजाच्या सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. गुरं, धुणं, शिंगाडा, कमळकंद हे सगळं गावाच्या निस्तारात, म्हणजे वापराच्या हक्कात.

तलावाची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, मातीची आहे, पाण्याच्या बाजूने थोड्याच भागात दगड लावलेले. पाणी सोडायला तुडूम, जास्तीचं पाणी वाहून जायला सलंग. वरच्या अंगाला जंगलातून नाला येतो आणि त्या नाल्याचं उगमाकडचं अंग संरक्षित क्षेत्रात आहे. खालच्या अंगाला सलंगेचं पाणी धानाच्या बांध्यांतून दुसऱ्या तलावात, तिथून नदीत आणि शेवटी वैनगंगेत जातं. पावसाळ्यात मासे दोन्ही दिशांना चढतात-उतरतात. नव्या पाण्याच्या वासाने मरळ आणि मांगूर नाल्यात कसे चढतात हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे.

बाहेरून आलेली जात तलावाचं काय करते, हे गावाला नवीन नव्हतं. बेशरम काठाने पसरली तेव्हा मासे अंडी घालत ती उथळ जागा गेली. खालच्या तलावात जलपर्णीने एक हंगाम पाणी दिसूच दिलं नाही. पण या दोन्ही वनस्पती वरून दिसतात. पाण्याखाली काय वाढतं आहे ते फक्त जाळ्याला कळतं.

आमचा तालुक्यातला निसर्ग अभ्यास गट या तलावावर हिवाळ्यात पाणपक्ष्यांची नोंद ठेवत असे. माशांची नोंद कुणीच ठेवत नव्हतं. संस्थेच्या वहीत किलो आणि रुपये होते, जातींमध्ये रोहू, कतला, मृगळ आणि बाकी सगळ्यांसाठी एकच रकाना: ‘गावरान’.

मे महिन्यात काय झालं

पाणी उतरल्यावर मे महिन्यात जाळ्याची मोठी ओढ झाली. जाळं काठाला आणलं तेव्हा त्यात काळपट, खरखरीत, पाठीवर उंच पंखाचे काही मासे अडकलेले होते. अंगावर खवल्यांऐवजी हाडासारखे टणक पट्टे आणि तोंड पोटाच्या बाजूला, चकतीसारखं. संस्थेतले एक वयस्क काकाजी जाळ्याचा सूत सोडवत म्हणाले, “हे का मासा आहे जी? जाळाच फाडून टाकते. सोडवाले गेलो तं हात कापते.” मासे उन्हात टाकून लोक जेवायला गेले आणि परत आले तेव्हाही ते जिवंत होते.

मत्स्यालयाच्या दुकानात हा मासा ‘सकर’ किंवा ‘टँक क्लीनर’ म्हणून विकला जातो. बोटाएवढा असताना काचेवरचं शेवाळ खातो म्हणून लोक घेतात. हातभर झाला की टाकी पुरत नाही आणि तो जवळच्या पाण्यात सोडला जातो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पाण्यात प्राणवायू कमी झाला तर वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती वापरतो, म्हणून पाण्याबाहेर बराच वेळ तगतो. बाजारात त्याला किंमत नाही. मामा तलावासाठी सगळ्यात वाईट गोष्ट अशी की विणीच्या काळात तो काठाच्या मातीत आडवी बिळं करतो, मादी आत अंडी घालते आणि नर राखण करतो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पाळीच्या आतल्या बाजूने चालत गेलो. जिथे दगड नव्हते तिथे, उतरलेल्या पाण्याच्या रेषेच्या थोडं वर, मुठीपेक्षा मोठी भोकं एका ओळीत होती. खेकड्याची बिळं इथे सगळ्यांच्या ओळखीची, पण ही त्यांच्याहून रुंद, तोंडाशी गुळगुळीत आणि किंचित खाली उतरत गेलेली. बांबूची हातभर काठी घातली तर ती पूर्ण आत गेली. एका बिळाच्या तोंडाशी चिखलात पंखाच्या काट्याचे ओरखडे होते.

पाळ फुटली तर धान जातं. त्यामुळे हा प्रश्न माशाचा आहे की पाळीचा, यावरून गावात त्याच रात्री बोलणं सुरू झालं, आणि ज्यांना मासळीशी काही देणंघेणं नव्हतं असे शेतकरीही त्यात आले.

पहिला पेच: सांगायचं की गप्प राहायचं

याच पेचासाठी हे प्रकरण लिहावंसं वाटलं, म्हणून इथे जरा थांबतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गावातल्याच कुणीतरी माशाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं: ‘राक्षसी विषारी मासा, या तलावाची मासळी खाऊ नका.’ सकर विषारी नाही. पण बुधवारच्या बाजारात दोन व्यापाऱ्यांनी या गावची टोपली घ्यायला नकार दिला आणि तिसऱ्याने भाव पाडून मागितली. ज्या कुटुंबांचं मे-जूनचं घर या मासळीवर चालतं, त्यांच्यावर हा सरळ घाव होता.

संस्थेच्या बैठकीत म्हणूनच पहिलं मत असं पडलं की आता कुणालाही काही कळवायचं नाही. त्यामागे तीन भीती होत्या. पहिली बाजाराची. दुसरी ठेक्याची: तलावात परका मासा निघाला तर बीज कुठून आणलं अशी विचारणा होईल, ठपका येईल, ठेका जाईल. तिसरी भीती कारवाईची. थाई मांगूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकन मागूर माशावर देशात 2000 सालापासून बंदी आहे आणि त्याचे साठे जेसीबीने खड्डे खणून पुरल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. आपल्या तलावावरही तसंच झालं तर रोहू-कतल्यासकट सगळं जाईल, असं लोकांना वाटत होतं.

या भीतीला अज्ञान म्हणणं मला मान्य नाही. नोंद करणाऱ्यालाच नोंदीची किंमत मोजावी लागत असेल, तर नोंद न करणं हा शहाणपणाचा निर्णय ठरतो, आणि देशभर अशा कितीतरी जाळ्यांमधून परके मासे गुपचूप काठावर फेकले जात असणार.

समुद्रातही हेच आहे. आपल्या राज्यातलं सागरी अभयारण्य मालवणचं. 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. अभयारण्यामुळे मासेमारीवर बंधनं येतील म्हणून तिथल्या मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला. ज्या माणसाला हद्दीचीच धास्ती आहे, तो हद्दीत दिसलेली नवी गोष्ट आपणहून सांगायला कशाला जाईल? पाण्याखालचं संरक्षित क्षेत्र रोज बघणारा तोच एक असतो. शास्त्रज्ञ वर्षातून कधीतरी येतात.

उशिराची किंमत किती, हेही समुद्राने दाखवून दिलं आहे. बैठकीत आमच्या गटातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी दोन उदाहरणं सांगितली आणि मला वाटतं, मत तिथेच फिरलं. 1984 मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पा नावाच्या परक्या शेवाळाचा साधारण एक चौरस मीटरचा ठिपका दिसला. तो कुठून आला, दोष कुणाचा, धोका खरा की फुगवलेला, यावर वाद चालत राहिला आणि शेवाळ फ्रान्स, स्पेन, इटली, क्रोएशियाच्या किनाऱ्यांपर्यंत गेलं. दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचं. तिथे 1999 च्या मार्चमध्ये बोटींच्या धक्क्यात काळ्या पट्ट्यांचा परका शिंपला दाट वाढलेला सापडला. सहा महिने आधीच्या पाहणीत तो नव्हता. त्यांनी धक्के बंद केले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकलं आणि काही आठवड्यांत तो संपवला. तिथे आधीची पाहणी नसती तर शिंपला नवा आहे की जुना, हेच ठरवता आलं नसतं.

काकाजींनी विचारलं, “म्हणजे आपल्या तलावात हा कदी आला, हे आपल्याले माहीत आहे का?” माहीत नव्हतं. वहीत ‘गावरान’ एवढंच होतं.

शेवटी ठरलं की कळवायचं, पण दोन अटींवर. अर्ज संस्थेच्या नावाने जाणार नाही, ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या ठरावाने जाईल, म्हणजे एकट्या ढिवरांवर बोट येणार नाही. आणि अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की हा मासा विषारी नाही, तलावाची मासळी खाण्यास योग्य आहे. दोन्ही अटी संस्थेतल्या लोकांनी सुचवल्या होत्या. आमच्या गटाला त्या सुचल्या नव्हत्या.

दुसरा पेच: कुणाला कळवायचं

तलाव जिल्हा परिषदेचा, पाळीचं काम लघु पाटबंधारे विभागाचं, मासळीचा विषय मत्स्यव्यवसाय विभागाचा, नाला वर गेला की वनविभागाचा. कागदावर चौघेही संबंधित. प्रत्यक्षात पहिल्या दोन ठिकाणी ‘हा आमचा विषय नाही’ असं ऐकायला मिळालं आणि एका कार्यालयात तर अर्ज आवक न करताच परत दिला गेला.

कायदा पाहिला तर जागा आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीत, जी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली, आक्रमक परदेशी प्रजातींची व्याख्या पहिल्यांदा आली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर नियंत्रण किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. पण गावातल्या माणसाला मासा दिसला तर त्याने कोणत्या खिडकीपाशी जायचं, याचं उत्तर या तरतुदींतून मिळत नाही.

म्हणून एकच अर्ज केला आणि चारही कार्यालयांना त्याच्या प्रती दिल्या, प्रत्येक प्रतीवर इतर तिघांची नावं स्पष्ट लिहून. ही युक्ती ग्रामसेवकांची. प्रत सगळ्यांकडे गेल्यामुळे ‘आमच्याकडे आलंच नाही’ हे म्हणणं संपलं. सोबत तीन गोष्टी जोडल्या: माशाचे फोटो, बिळांचे फोटो आणि तलावाचा हाताने काढलेला नकाशा, ज्यात नाला, तुडूम, सलंग आणि बिळांची ओळ दाखवली होती.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर, कारण बहुतेक नोंदी इथे फुकट जातात. हातात धरून हसत काढलेल्या फोटोवरून जात ओळखता येत नाही. आम्ही पांढऱ्या ताटात मासा ठेवून शेजारी फूटपट्टी ठेवली आणि एका माशाचे चार फोटो घेतले: वरून, बाजूने, पोटाकडून आणि पाठीचा पंख पसरून. या कुळात पाठीच्या पंखातले मऊ काटे मोजावे लागतात. दहा किंवा जास्त असले तर तो सहसा टेरिगोप्लिक्थिस या गटातला असतो. पोटावर ठिपके आहेत की नागमोडी रेषा, यावरून पुढची ओळख लागते, मात्र या गटात संकरही आढळतात, त्यामुळे आम्ही अर्जात जातीचं नाव न लिहिता गटाचंच लिहिलं. दोन मासे बर्फात ठेवून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दिले. ओळख तिथून पक्की झाली आणि त्या एका पत्राने कार्यालयांमधला सूर बदलला.

तिसरा पेच: करायचं काय

पाऊस तोंडावर होता. मृगाआधी काही झालं नाही तर नाला वाहणार आणि मासा वर जंगलात चढणार, सलंग वाहिली की खाली. ग्रामसभेत चार मार्ग मांडले गेले.

तुडूम उघडून तलाव पूर्ण कोरडा करणं हा सगळ्यात सरळ वाटणारा मार्ग. तरुण मंडळी त्याच्या बाजूने होती. विरोध दोन बाजूंनी आला. गुराख्यांनी विचारलं, जूनपर्यंत जनावरं कुठे पाजायची? आणि म्हाताऱ्या ढिवरांनी सांगितलं की डोहात जे गावरान मासे उरतात तेच पावसाळ्यात अंडी घालतात. ते मारले तर पुढची कित्येक वर्षं मरळ दिसणार नाही. शिवाय ओल्या बिळात बसलेला सकर पाण्याशिवायही तग धरतो, म्हणजे आपले मरतील आणि तो उरेल. हा मुद्दा निर्णायक ठरला.

मोहाची ढेप टाकण्याचाही विषय निघाला. मत्स्यतळी तयार करताना नको असलेले मासे मारायला ती वापरतात हे खरं आहे. पण ढेपेतलं सॅपोनिन कल्ल्यांतून रक्तात जाऊन मारतं. हवेवर जगू शकणाऱ्या माशांवर त्याचा असर कमी होतो. इथेही आपले आधी मेले असते. गुरं पितात त्या पाण्यात ढेप टाकायला ग्रामसभा तशीही तयार नव्हती.

काही न करणं हाही मार्ग होता आणि तो उघडपणे मांडणारे लोक होते. त्यांचं म्हणणं, दुसरीकडे धरणांत हा मासा पसरला आहे, आपण एक तलाव धुऊन काय होणार? यावर एका शेतकऱ्याने एवढंच सांगितलं की धरण सिमेंटचं असतं.

चौथा मार्ग निवडला: दाट जाळ्याच्या वारंवार ओढी, बिळं शोधून आतले मासे आणि अंडी काढणं, बिळं काळ्या मातीने चोपून बंद करणं, आणि पावसाआधी नाल्याच्या तोंडाशी व सलंगेवर बांबूच्या कामट्यांच्या जाळ्या बसवणं.

पैशाचा प्रश्न लगेच आला. कुणीतरी सुचवलं की प्रत्येक सकरमागे बक्षीस द्यावं. दुसऱ्याने सुचवलं की मासळीच्या भुकटीसाठी तो विकता येतो का बघावं. या दोन्हींना नकार देण्यात मला या प्रकरणातला सगळ्यात दूरचा विचार दिसतो. ज्या माशाला भाव मिळतो तो माणूस संपू देत नाही. थोडे राखून ठेवतो, कधी शेजारच्या तलावातही सोडतो. म्हणून नगावर न देता रोजाने मजुरी द्यायची ठरली. तिचा पहिला वाटा ग्रामपंचायतीने, दुसरा पाणीवाटपाच्या शेतकऱ्यांनी उचलला, कारण पाळ त्यांची होती. तलावाच्या मासळीसाठी धानवाल्यांनी पैसे काढले, असं या गावात आधी झालं नव्हतं.

काम कसं झालं

पहाटेपासून ऊन चढेपर्यंत ओढी, दुपारी बिळं. सकर तळाशी आणि काठाशी चिकटून राहतो, साधं जाळं त्याच्यावरून निघून जातं. म्हणून जाळ्याच्या खालच्या दोराला नेहमीपेक्षा जास्त लोखंडी गोळ्या लावल्या आणि ओढताना दोन जण दोरावर पाय देत चालत होते. सगळ्यांनी हाताला गोणपाट गुंडाळलं.

निघालेले सकर काठावर टाकायचे नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून कडक पाळला. छातीजवळच्या पंखांचे काटे ताठ उभे राहून अडकतात. अमेरिकेच्या बाजूला पोर्टो रिकोमध्ये असे मासे गिळून पेलिकन पक्षी मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या तलावावर करकोचे असतात, आणि गोंदिया जिल्हा राज्यातल्या सारस पक्ष्यांचं मुख्य घर आहे. त्यामुळे मासे मारून, चुना टाकून, तलावापासून लांब खड्ड्यात पुरले.

संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपलीकडे मात्र कुणी जाळं टाकलं नाही. अभयारण्यातून कोणताही वन्यजीव काढायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि चांगल्या हेतूने गेलेल्या ढिवरावर गुन्हा नोंदला गेला असता तर उभं राहिलेलं सगळं काम त्या दिवशी बसलं असतं. वर नाल्याच्या डोहांची पाहणी वनरक्षकांनी केली. ओळख पटवायला संस्थेतले दोघे त्यांच्या सोबत, रीतसर पत्रावर गेले. एका डोहात संशय आला, पण हाती लागला तो गावरान मासाच.

या पाहणीतून एक सवय लागली, जी मला फार मोलाची वाटते. काही सापडलं नाही तरी तारीख, जागा, किती वेळ पाहिलं आणि ‘आढळला नाही’ असं लिहायचं. डार्विनला जी सहा महिने आधीची पाहणी कामी आली, ती याच प्रकारची नोंद होती.

ओढी चालू असतानाच आणखी एक गोष्ट उघडी पडली. काठाच्या उथळ पाण्यात झिंगे धरणाऱ्या बाया काम बघायला आल्या. त्यातल्या एकीने पुरलेल्या माशांकडे बघून सहज सांगितलं, “याची पिल्लं तं आमाले दिवाळीपासून भेटतेत. दगडाले चिकटून राहतेत.” म्हणजे सहा-सात महिने आधी ही खबर गावात होती. संस्थेच्या सभासद यादीत या बायांची नावं नाहीत, बैठकीला त्यांना बोलावलं जात नाही, आणि पाण्याखालचा सगळ्यात उथळ पट्टा, जिथे पिल्लं वाढतात, तो फक्त त्यांच्या हातांखालून जातो. दिवाळीत कळलं असतं तर बिळं होण्याआधी बराचसा मासा काढता आला असता.

परिणाम

पावसाआधी पाळ भरून झाली आणि त्या पावसाळ्यात गळती लागली नाही. सलंगेवरच्या कामट्यांच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी तुंबायचं, म्हणून ऐन पावसात रोज कुणीतरी ती साफ करत होतं. एका रात्रीच्या मोठ्या पावसात नाल्याकडची जाळी वाहून गेली. त्या रात्री काय वर चढलं, ते सांगता येत नाही. वनविभागाच्या नंतरच्या पाहण्यांत जंगलातल्या पाण्यात सकर मिळालेला नाही.

तलावातून मात्र तो गेलेला नाही. पुढच्या उन्हाळ्याच्या ओढीत मोठे नग थोडेच निघाले, पण लहान निघाले, म्हणजे वीण चालू आहे. बिळंही कमी होती आणि ती फेब्रुवारीतच शोधून बुजवली गेली. इथून पुढे हे दरवर्षीचं काम आहे असं संस्थेने धरलं आहे. मन्नारच्या आखातात, सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या प्रवाळांवर कप्पाफायकस हे लागवडीसाठी आणलेलं शेवाळ 2008 मध्ये कुरुसडाई बेटाजवळ पसरलेलं दिसलं. हाताने काढलं तरी उरलेल्या तुकड्यांतून ते पुन्हा वाढतं. इथेही तसंच आहे.

बाजार सावरायला दोन-तीन महिने लागले. प्रयोगशाळेचं पत्र मोठं करून संस्थेने बाजारातल्या ओट्यावर लावलं आणि पहिल्या दिवशी सरपंचबाईंनी स्वतः तिथून मासळी विकत घेतली. एक व्यापारी परत आलाच नाही.

मासा आला कुठून, हे सिद्ध झालं नाही. दोन शक्यता राहिल्या: तालुक्याच्या गावातून कुणीतरी मत्स्यालयातला मासा आणून सोडला, किंवा बाहेरून आणलेल्या बोटुकलीत, म्हणजे बोटाएवढ्या मत्स्यबीजात, पिल्लं मिसळून आली. दोषी शोधण्यात वेळ न घालवता संस्थेने दोन्ही वाटांवर काम केलं. शाळेत आणि मत्स्यालयाच्या दुकानात ‘मासा नको झाला तर आम्हाला द्या, पाण्यात सोडू नका’ असा फलक लागला. बीज आलं की आता ते थेट तलावात जात नाही. पांढऱ्या टबात ओतून थोडा वेळ स्थिर ठेवतात. रोहू-कतल्याची बोटुकली मधल्या पाण्यात फिरत राहते. सकरचं पिल्लू टबाच्या भिंतीला तोंडाने चिकटतं आणि टब हलवला तरी सोडत नाही. ही तपासणी करायला मजूर लागत नाही, दोन डोळे पुरतात. झिंगे धरणाऱ्या बायांपैकी दोघींना त्यासाठी मानधनावर घेतलं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मासा सापडल्यापासून पहिल्या सरकारी भेटीपर्यंत जो वेळ गेला, त्यातला बहुतेक कार्यालय शोधण्यात गेला. जिल्ह्यात एक क्रमांक, एक खिडकी असती तर मे महिन्याचा मधला पंधरवडा हाताशी राहिला असता. हा बदल गावाच्या हातात नाही, पण जिल्हा प्रशासनाच्या आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर थोपवणं अवघड होतं. तरी त्याच दिवशी ग्रामपंचायतीने स्वतःचा खुलासा फोटोसह टाकला असता तर बुधवारचा बाजार इतका पडला नसता, असं संस्थेचं मत आहे आणि ते पटतं. परक्या जातीची बातमी ज्या क्षणी बाहेर जाते, त्याच क्षणी ‘खायला चालतं की नाही’ याचं उत्तरही बाहेर जायला हवं, कारण गिऱ्हाईकाला तेवढंच हवं असतं.

नाल्याकडच्या जाळीबद्दल दोन मतं आहेत. काहींच्या मते ती लावायलाच नको होती, कारण तिने मरळ आणि मांगूरही अडवले. त्या पावसात नाल्यात चढणारे गावरान मासे जाळीशी आपटत होते हे सगळ्यांनी पाहिलं. जंगलाला सकरपासून वाचवायचं तर तलावाच्या माशांची वीण रोखायची का, याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. पुढच्या वर्षी जाळी फक्त सलंगेवर लावली आणि नाल्यावर रात्री जाळ्यासह पहारा ठेवला. चढणारे मासे उचलून, बघून, गावरान असले तर वर सोडले. हे काम दमवणारं आहे आणि दरवर्षी माणसं मिळतीलच असं नाही.

संस्थेच्या वहीतला ‘गावरान’ हा रकाना आता जातवार आहे आणि शेवटी ‘अनोळखी’ हा नवा रकाना आहे, समोर फोटोचा क्रमांक. ठेक्याच्या नूतनीकरणाची वेळ पुढच्या वर्षी येते आहे. त्या करारात दोन अटी घालण्याची लेखी मागणी संस्थेने केली आहे: परका मासा आपणहून कळवणाऱ्या संस्थेवर त्या कारणाने ठेका रद्द करण्याची कारवाई होणार नाही, आणि तो काढण्यासाठी तलाव काही काळ बंद ठेवावा लागला तर तेवढ्या काळाची ठेक्याची रक्कम माफ होईल. पहिल्या अटीवर तोंडी होकार मिळाला आहे. दुसरीवर चर्चा चालू आहे.